एच-इंडेक्सच्या रकान्यात ११ लिहू, ७ लिहू, की ५?

चरकवाला (सोमवार, रात्री ११:४२)

मंडळी, शनिवारपर्यंत अर्ज भरायचाय आणि एका रकान्यावर गाडी अडलीय.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला शिकवतो, सतरा वर्षं झाली. प्राध्यापकपदाच्या अर्जात बाकी सगळं भरून झालंय, पण पान ६ वर नुसतं 'एच-इंडेक्स' (आपले पेपर किती आणि दुसऱ्यांनी त्यांचे उल्लेख किती केले, यावरून काढलेला आकडा) असं छापून पुढे एक चौकोन आहे. कुठला, कुणाकडचा, कोणत्या तारखेचा, काही नाही. हे उल्लेख मोजणाऱ्या तीन ठिकाणांपैकी गूगल स्कॉलर माझा ११ दाखवतं. स्कोपस ७. वेब ऑफ सायन्स आमच्याकडे नाही, मित्राने त्याच्या संस्थेतून बघून सांगितलं, तिथे ५. माणूस एक, पेपर तेच. एकाच माणसाच्या तीन जन्मतारखा निघाव्यात तसं झालंय.

कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. माझा विषय साखर कारखान्यातल्या मिलचे रोलर. ऊस नीट आत ओढला जावा, घसरू नये म्हणून रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके देतात, त्याला आर्किंग म्हणतात. हे काम चालत्या मिलवर, अंगावर रसाचे शिंतोडे घेत होतं. काही ठिपके टिकतात, काही दोन पाळ्यांत गळून पडतात. का, हे बघायला मी एका सहकारी कारखान्यात चार हंगाम काढले. २०१६ साली त्यावर पेपर आला, साखर तंत्रज्ञानाच्या एका लहानशा नियतकालिकात. आजवर त्याला ६ सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत सहा उल्लेख. पण त्यातला तक्ता (कुठल्या दातावर कुठला इलेक्ट्रोड, किती अंतर सोडून) त्या कारखान्याच्या वेल्डिंग शॉपमध्ये लॅमिनेट करून भिंतीला लावलाय. शेजारच्या दोन कारखान्यांच्या लोकांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून नेला.

माझा सगळ्यात 'गाजलेला' पेपर मात्र वेगळाच. हार्डफेसिंगवरच्या (धातूवर वेल्डिंगने कठीण थर चढवणं) संशोधनाचा आढावा. पाच लेखक, मी तिसरा. माझं योगदान अडीच पानं आणि संदर्भयादीतले स्वल्पविराम. त्याला ५८.

गूगल स्कॉलरवरची यादी अशी आहे: ५८, ३७, २९, २१, १८, १६, १४, १३, १२, ११, ११, ८, ६, ५, मग किरकोळ.

हे सगळं आत्ताच का डोक्यात बसलं, तर आमच्या गेटवर महिनाभर एक फ्लेक्स आहे. 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' सहकारी गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सर, तुमचं कधी?" लग्नाचं विचारावं तसं.

तर प्रश्न तीन. चौकोनात काय लिहू? ती २ टक्क्यांची यादी मोजते तरी काय? आणि लोखंड, तेल, गंज यांत हात घातलेल्या माणसाच्या संशोधनाचा कस लावायची एखादी बरी रीत आहे का?

पाचवं_वर्ष_चालू (सोमवार, रात्री ११:५८)

११ लिहा आणि झोपा सर. बाकीचे काय लिहितायत असं वाटतं तुम्हाला?

मला आठवड्यातून दोनदा व्हॉट्सॲपवर येतं: 'स्कोपस, क्यू-टू, ४५ दिवसांत स्वीकृती, दुसऱ्या आणि चौथ्या लेखकाची जागा शिल्लक.' (क्यू-टू म्हणजे दुसऱ्या प्रतवारीतलं नियतकालिक.) पहिल्या जागेचा दर वेगळा. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे पैसे वेगळे, तसलं काहीतरी.

आणि गूगल स्कॉलरचा आकडा किती पवित्र आहे याची एक गोष्ट. २०१० साली फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या सिरिल लाबे या संगणकशास्त्राच्या संशोधकाने 'आइक अंटकारे' नावाचा शास्त्रज्ञ जन्माला घातला. नाव वाचून बार्शीकडचा कुणी वाटतो, पण तो 'आय कान्ट केअर'चा खेळ आहे. प्रोग्रॅमकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहून घेतले, एकमेकांना साइट करायला लावले आणि वेबवर ठेवून दिले. अंटकारे साहेबांचा एच-इंडेक्स निघाला ९४. माणूस अस्तित्वातच नाही. तुम्ही निदान आहात.

कार्डकॅटलॉग (मंगळवार, सकाळी ६:२०)

चरकवाला सर, नमस्कार. मी निवृत्त ग्रंथपाल. एकतीस वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयात गेली, त्यातली शेवटची दहा प्राध्यापक मंडळींचे आकडे काढून देण्यात. मार्च आला की माझ्या टेबलापुढे रांग असायची, रेशनच्या दुकानासारखी. चहा ठेवलाय, सावकाश लिहिते.

आधी चौकोन. एच-इंडेक्स विचारला की पहिल्यांदा विचारायचं, कुठल्या वहीतला? होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवलं. रीत सोपी आहे. सायटेशन उतरत्या क्रमाने मांडा, बोट ठेवत खाली या, पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा झाला की थांबा. तुमचा अकरावा पेपर ११ वर आहे, बारावा ८ वर. म्हणून ११. आता त्याच यादीकडे पुन्हा बघा. वरच्या ५८ च्या जागी ५,८०० असते तरी उत्तर ११. आणि तुमचा तो रोलरचा पेपर, ६ वाला, तेराव्या जागेवर आहे. तो उद्या जगातून नाहीसा झाला तरी उत्तर ११. भिंतीवर लावला गेलेला एकमेव पेपर, आणि या आकड्यात त्याचा पैचाही हिशेब नाही.

हिर्श यांनी त्याच लेखात अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांतल्या भौतिकीवाल्यांसाठी ढोबळ पायऱ्या दिल्या होत्या: सहयोगी प्राध्यापक म्हणून कायम व्हायला साधारण १२, प्राध्यापकाला १८. विषय बदलला की पायऱ्या बदलतात, हेही तिथेच लिहिलं होतं. १२ आणि १८ सगळीकडे पोचले. पुढचं वाक्य वाटेत गळलं, तुमच्या ठिपक्यांसारखं.

तीन वह्यांत तीन आकडे का, तर कुणाचं सायटेशन मोजायचं हे प्रत्येकाने वेगळं ठरवलंय. गूगल स्कॉलर प्रबंध मोजतं, परिषदांचे पेपर मोजतं, कुणी कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफही मोजतं. स्कोपस निवडक नियतकालिकं आणि परिषदा घेतं. वेब ऑफ सायन्सचा मुख्य संग्रह त्याहून चाळून घेतलेला. तो म्हणजे युजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्सचा वारस. गारफील्ड ग्रंथालयशास्त्र शिकलेले, आमच्याच पंथातले, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल माया आहे आणि थोडी शरमही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात ते माप, हे त्यांच्याच घरचं लेकरू. कोणती नियतकालिकं निर्देशात घ्यावीत हे ठरवायला ते माप काढलं होतं. पुढे ते माणसांना लावायला लागले. एसटीचा वेग बघून आत बसलेल्या प्रवाशाला धावपटू म्हणावं, तसं.

त्यात तो फॅक्टर फक्त मागच्या दोन वर्षांतल्या लेखांची सायटेशन धरतो. तुमच्या धंद्यात दोन वर्षं म्हणजे दोन गळीत हंगाम. पहिल्या हंगामात कारखान्याचा इंजिनिअर पेपर ऐकणार, दुसऱ्यात एका रोलरवर करून बघणार. तोवर मोजणी आटोपलेली.

आता एक काम सांगते, ते आजच करा. तुमचं नाव विचारत नाही, पण आडनाव पाटील, जाधव, कुलकर्णी, देशमुख यांच्यापैकी असेल तर गूगलची प्रोफाइल उघडा आणि एकेक पेपर आपलाच आहे ना ते बघा. 'पाटील, एस. बी.' असे महाराष्ट्रात किती असतील, विचार करा. गूगलला सगळे एकच वाटतात. बायकांचं तर विचारूच नका. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि मधलं नावही. आमच्याकडे एक मॅडम होत्या, त्यांच्या स्कोपसवर तीन प्रोफाइल: माहेरच्या नावाने ५, सासरच्या नावाने ४, दोन्ही आडनावं जोडून लिहिलेल्या काळातल्या ३. त्या म्हणाल्या, "बेरीज करून १२ लिहू का?" अहो, एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. तिन्ही याद्या एकत्र करून पुन्हा बोट ठेवत यावं लागतं. आले ७. नाराज झाल्या, पण ७ खरे होते. २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक मिळतो, फुकट. नाव कितीदाही बदला, तो बदलत नाही. नसेल तर काढून ठेवा.

दुसरा प्रश्न, फ्लेक्सचा. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी काढतात, २०१९ पासून, स्कोपसच्या विदेवरून. विषयांची २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं केली आहेत. मोजतात सहा गोष्टी: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांत वाटणी करून काढलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन, एकटा किंवा पहिला लेखक असताना मिळालेली, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा असताना मिळालेली. प्रत्येकाचा लॉगॅरिदम, त्या बाबतीतल्या कमाल आकड्याच्या लॉगने भागायचा, मग सहांची बेरीज. म्हणून गुण ६ पैकी. स्वतःच स्वतःला साइट केलेलं धरून आणि वगळून असे दोन्ही हिशेब देतात, आणि ही सोय मला मनापासून आवडते. वगळल्यावर काही मंडळी कशी खाली घसरतात ते बघण्यासारखं असतं.

तुमच्या ५८ ला यात काय मिळेल? तुम्ही पाचांत तिसरे. पहिल्या दोन गोष्टींत पूर्ण जमा, तिसऱ्यात पाचवा हिस्सा, उरलेल्या तिन्हींत शून्य. म्हणजे स्वल्पविरामांचा न्याय त्यांनी बऱ्यापैकी केलाय.

फक्त 'निवड' हा शब्द खोटा. कुणी समिती बसत नाही, कुणी कुणाला निवडत नाही, स्टॅनफर्डने बोलावून शाल-श्रीफळ दिलेलं नसतं. हा एक्सेलमधला क्रम आहे. शिवाय याद्या दोन: आयुष्यभराच्या कामाची एक, आणि नुसत्या एका वर्षात मिळालेल्या सायटेशनची दुसरी. फ्लेक्सवर ते कुणी लिहीत नाही.

हे झालं बाहेरचं. घरचं माप बघायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतलं कोष्टक बघा (तुमचा अर्ज त्याचाच मावसभाऊ दिसतो). अभियांत्रिकीच्या पेपरला ८ गुण, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे ५ पासून ३० पर्यंत जादा. दोनपेक्षा जास्त लेखक असले तर पहिल्याला किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. पाच जणांच्या पेपरची बेरीज करा: ७० अधिक तीस चोक, १९०. एका पेपरचे जवळजवळ दोन होतात आणि कुणाच्या पोटात दुखत नाही. हा इम्पॅक्ट फॅक्टर 'थॉम्सन रॉयटर्स'च्या यादीप्रमाणे घ्या असं त्यात म्हटलंय. त्या कंपनीने तो कारभार २०१६ लाच विकून टाकला होता.

त्याच कोष्टकात पेटंटला आंतरराष्ट्रीय १०, राष्ट्रीय ७. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला पाण्याच्या दाबावर आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये बसवले, त्याचं पेटंटही घेतलं. मी पुण्याची, लहानपणी वडिलांनी धरणावर नेऊन ती हकीकत सांगितली होती. कोष्टकाप्रमाणे त्यांचे ७ झाले असते. एखादा बरा पेपर जास्त घेऊन जातो.

तिसऱ्या प्रश्नाला मी हात घालत नाही. तो ग्रंथालयात सुटत नाही. पण तुम्ही त्या भिंतीवरच्या तक्त्याचा एक फोटो काढून आणा.

चरकवाला (मंगळवार, रात्री १०:०५)

मॅडम, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला पाहिजे.

आडनाव पाटीलच. संध्याकाळी प्रोफाइल उघडून बसलो. ३७ वाला पेपर उसावरच्या तांबेऱ्याचा आहे, कुणा कृषी विद्यापीठातल्या पाटलांचा. ऊस दोघांचा, एवढंच साम्य. १४ वाला तर कहर आहे: रोलर स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांच्या दुखापती. ऊस, रोलर, पाटील, गूगलने मोळी बांधून दिली होती. नऊ वर्षांपूर्वी प्रोफाइल काढताना 'आपोआप भर घाला' असं काहीतरी मीच टिक केलं असणार.

दोन्ही काढले. आता यादी ५८, २९, २१, १८, १६, १३, १२, ११, ११, ८, ६, ५. नववा ११ वर, दहावा ८ वर. उत्तर ९.

खोटं कशाला सांगू, काढताना बोट थांबलं होतं. बायको मागून म्हणाली, "त्या दुसऱ्या पाटलांना कळलं असतं तर?" म्हटलं, त्यांच्या प्रोफाइलमध्ये माझे रोलर असतील कदाचित. मग दाबलं.

बाह्यपरीक्षक (बुधवार, दुपारी १:३०)

मी अशा निवड समित्यांवर बसतो, त्यामुळे जरा उलट बोलतो.

आकड्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मागच्या वेळी एका जागेला एवढे अर्ज होते की फायली ट्रॉलीवरून आणल्या. आम्ही तिघं, दिवस दोन, मध्ये दोन जेवणं. प्रत्येकाचे पाच पेपर वाचायचे म्हटलं तर पुढचा हंगाम उजाडेल. आणि वाचणार कोण? तुमचे रोलर मला कळत नाहीत, मी उष्णतावहनातला. पेपर वाचून ठरवा असं जे म्हणतात त्यांनी आकड्यांच्या आधीचा काळ बघितलेला नाही. तेव्हा ठरायचं ते 'हा कुणाचा विद्यार्थी' आणि 'हा कुठला' यावर. खेड्यातल्या कॉलेजातला, कुणी वाली नसलेला पोरगा आज एच-इंडेक्स घेऊन उभा राहतो आणि आम्हाला त्याला डावलता येत नाही. हे त्या आकड्याचं पुण्य आहे, ते विसरू नका.

हां, वहीचं नाव लिहायला हवं, हे मान्य. अर्ज ज्याने छापला त्याला विचारायला हवं. आणि सिव्हिल किंवा मशीन डिझाइनवाल्याला नॅनो-मटेरियलवाल्याशेजारी उभं करून आकडे बघणं हा गाढवपणा आहे, तो आम्हीही करतो. तिकडे शेकड्यांनी माणसं एकाच विषयावर लिहितात, एकमेकांना साइट करतात. इकडे रोलरवर देशात मोजकी माणसं.

कार्डकॅटलॉग (बुधवार, दुपारी ४:१०)

परीक्षक साहेब, वाली नसलेल्या पोराचं म्हणालात ते खरं आहे, मी तशी दोन-तीन पोरं स्वतः बघितली आहेत. तिथे माझा वाद नाही.

पण यादी हीसुद्धा कुणाच्या तरी टेबलावर बनते. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या चेहऱ्यांचं वर्णन करत नाही. मग मान्य नियतकालिकांची नवी, केअर नावाची यादी आली, ती तर आमच्या पुणे विद्यापीठातूनच चालायची, आणि तिने बरीच घाण साफ केली. २०२५ मध्ये तीही बंद केली, आता ज्याने त्याने आपलं ठरवावं म्हणे. पेपर तोच, आतला मजकूर तोच, भाव तीनदा बदलला.

असो. तुमच्या समितीत निदान रकान्यापुढे 'स्रोत व दिनांक' एवढं छापून घ्या. दोन शब्द आहेत.

शेफील्डकर (बुधवार, रात्री ११:१५)

मूळचा इचलकरंजीचा, सध्या इंग्लंडात पोलादाच्याच कामात. तिसऱ्या प्रश्नावर थोडं.

इथे काही वर्षांनी सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाची सरकारी तपासणी होते, आरईएफ म्हणतात. २०२१ च्या तपासणीत पेपर वगैरेंना ६० टक्के वजन होतं, संशोधनाच्या वातावरणाला १५, आणि २५ टक्के होतं विद्यापीठाच्या बाहेर काय फरक पडला याला. त्यासाठी एकेका कामाची हकीकत लिहून द्यावी लागते. आधी काय होत होतं, तुमच्या कोणत्या संशोधनामुळे काय बदललं, कुणासाठी, आणि याला पुरावा काय. सायटेशन हा तिथे पुरावा होत नाही. ज्याने ते वापरलं त्याचं पत्र होतं.

ही हकीकत लिहिण्याचाही इथे धंदा झालाय. विद्यापीठं त्यासाठी वेगळे लेखक नेमतात, सामान्य कामाला झालर लावतात. तेव्हा हे सोन्याचं माप आहे असं म्हणत नाही. पण तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याला जागा देणारं माप आहे, एवढं खरं.

२०१५ साली सायटेशनचा अभ्यास करणाऱ्यांनीच 'नेचर'मध्ये लायडन जाहीरनामा म्हणून दहा तत्त्वं मांडली. पहिलं: आकड्यांनी जाणकाराच्या मताला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. तिसरं तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: स्थानिक महत्त्वाच्या चांगल्या संशोधनाला संरक्षण द्या. ऊस म्हणजे काही इंग्रजी नियतकालिकांच्या संपादकांच्या घरामागे उगवत नाही.

आणि सायटेशनचं म्हणाल तर आपण मेकॅनिकलवाले रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) रोज लिहितो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सचा १८८३ चा पेपर शेवटचा कधी साइट केला होता? मी तर कधीच नाही. एखादी गोष्ट इतकी कामाची होते की तिचा मालक विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. तुमचा फोटो काढून नेणाऱ्यांनी कुठे तुमचं नाव लिहिलं असेल?

कारखान्याच्या चीफ इंजिनिअरकडून पत्र घ्या. गुळमुळीत कौतुक नको. तक्ता कधीपासून वापरतात, कुठल्या मिलवर, काय फरक पडला, एवढंच. त्यांच्या लॉगबुकातले आकडे असले तर उत्तम.

चरकवाला (शुक्रवार, रात्री ९:५०)

काल दोन तासिका लावून कारखान्यावर गेलो. हंगाम जोरात आहे, गेटपासून ट्रॅक्टरांची रांग. चीफ इंजिनिअर साहेब मिलवरच होते, कानाशी ओरडून बोलावं लागलं. 'इम्पॅक्ट' म्हटल्यावर त्यांना आधी वाटलं हॅमर मिलमध्ये काही आपटलंय.

मग ऑफिसात बसून लॉगबुकं काढली. २०१७ च्या हंगामापासून पहिल्या आणि शेवटच्या मिलला तक्त्याप्रमाणे आर्किंग करतात. मधल्या मिलना पूर्वीसारखंच, कारण तिथल्या जुन्या फोरमनला ते पटलेलं नाही, आणि तो म्हणतो त्यातही थोडं तथ्य आहे (हा माझा पुढचा पेपर). इलेक्ट्रोडचा खप किती उतरला, मिल थांबवून दात बघायची वेळ कितीदा यायची आणि आता कितीदा येते, हे सगळं त्यांच्या हस्ताक्षरात होतं. मी ते आजवर मागितलंच नव्हतं. पेपर छापून आल्यावर मी पुन्हा शॉपमध्ये गेलो ते थेट तक्त्याचा फोटो काढायला.

पत्र मराठीत दिलंय, एक पान, कारखान्याच्या लेटरहेडवर. 'सदर तक्त्याचा अवलंब केल्याने' अशी सुरुवात आहे. टाइप करणाऱ्या मुलाने 'आर्किंग'चं 'पार्किंग' केलं होतं, ते पेनाने दुरुस्त करून घेतलं.

अर्जाचं म्हणाल तर आमच्या कार्यालयात विचारलं. क्लार्क म्हणाला, "सर, ज्यात जास्त येतं ते टाका, सगळे तेच टाकतात." चौकोनात दोनच अक्षरं बसतात. ९ लिहिलं. खाली समासात बारीक अक्षरात 'गूगल स्कॉलर, तपासून. स्कोपस ७' आणि आजची तारीख. परीक्षक साहेब, तुम्ही नेमके याच समितीवर असलात तर भिंग घेऊन या.

पत्र 'इतर कागदपत्रे' मध्ये जोडतोय. मॅडम, साक्षांकित करून जोडू की तसंच चालेल?

कार्डकॅटलॉग (शुक्रवार, रात्री १०:१५)

ते नंतर. आधी पत्रावर जावक क्रमांक घातलाय का बघा. नसला तर ते कार्यालयाच्या दृष्टीने पत्रच नाही.

चरकवाला (शुक्रवार, रात्री १०:१७)

आहे. ३१७.